मैत्रिणीला सांभाळणाऱ्या मुलीचे काय?

मा. संपादक,

शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितले. अशा माणसाची निकड असलेला एक गट कुणाच्या लक्षातच येत नाही: स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलामुलींचे मित्रमैत्रिणी.

अकरावी-बारावीला शिकवताना अशा मुली मला भेटतात. मैत्रिणीने हातावरच्या खुणा दाखवलेल्या असतात आणि ‘माझ्या गळ्याची शपथ, कुणाला सांगायचं नाही’ म्हणून बांधून ठेवलेले असते. मग ही सतरा वर्षांची पोर उशाशी फोन घेऊन झोपते. मेसेजला उत्तर आले नाही की रात्रभर जागी. घटक चाचणीत गुण घसरतात, घरी बोलणी बसतात आणि कारण सांगायची सोय नसते.

मी त्यांना सांगते, ऐकून घ्या, उपदेश करू नका. ‘पुन्हा करणार नाही’ असे वचन मागू नका; ते मोडले की पुढच्या वेळी ती तुमच्यापासूनही लपवेल. स्वतःला इजा करणाऱ्या प्रत्येकाला मरायचे असतेच असे नाही, पुष्कळदा असह्य झालेले मन घटकाभर हलके करण्याची ती धडपड असते. तरीही जिवाचा धोका अशांना अधिक असतो. म्हणून ‘जीव द्यावासा वाटतो का?’ हे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर ‘हो’ आले किंवा जखम मोठी दिसली, तर शपथ बाजूला ठेवून तत्काळ मोठ्या माणसाला सांगायचे. ती चिडेल, कदाचित बोलणेही टाकेल. टाकू दे.

आणि एरवी रात्री झोपायचे. ‘मी आता झोपते, फार वाटलं तर १४४१६ ला फोन कर’ असे म्हणण्यात दगाबाजी नाही. हा टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी दूरध्वनी सेवेचा क्रमांक; ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि तिथे मराठीत बोलता येते. सांभाळणाऱ्या मुलीनेही स्वतःसाठी तिथे फोन करावा.

संस्थाचालकांना विनंती एवढीच की, ‘मैत्रिणीबद्दल बोलायचंय’ म्हणत आलेल्या मुलीलाही समुपदेशकाने वेळ द्यावा. घरी कळवणे भाग असेल तर आधी तिला विश्वासात घ्यावे. आणि समुपदेशकाची खोली फीच्या खिडकीशेजारी नको. तिथे रांगेतले सगळे बघत असतात, कोण आत गेले ते.

— एक शिक्षिका, कनिष्ठ महाविद्यालय, सांगली