‘माहिती अपुरी’ हेही सिद्ध करावं लागतं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. रविवारच्या पुरवणीत माणसाच्या बुद्धीच्या मर्यादांवर जो लेख आला आणि त्यावर एका वाचकाचं तावातावाने लिहिलेलं जे उत्तर तुम्ही पुढच्या आठवड्यात छापलंत, ती दोन्ही वाचली, दोन्हीवर लिहायचं होतं पण राहून जात होतं, आज बसलोच. लेखकांचं म्हणणं थोडक्यात असं की बुद्धी तोकडी, तिला अंतिम सत्य कळूच शकत नाही, म्हणून श्रद्धेला शरण जावं. उत्तर देणाऱ्यांचं म्हणणं, मर्यादा बिर्यादा काही नसतात, विज्ञान एक ना एक दिवस सगळं शोधून काढेल. वरवर बघता दोघं एकमेकांवर तुटून पडलेत, पण मला तर दोघांची खोड एकच दिसली.

मी परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरांना लॉजिक शिकवतो. त्यात एक टाइप असतो, वर प्रश्न, खाली दोन विधानं, आणि सांगायचं की उत्तर काढायला एवढी माहिती पुरते का. शेवटचा ऑप्शन कायम ‘दिलेली माहिती अपुरी’. पोरं त्यावर दोन कारणांनी टिक मारतात, एक तर माहिती खरंच अपुरी असते म्हणून, नाहीतर गणित जमलं नाही म्हणून. दुसऱ्या कारणाने मारलेली टिक मला लगेच ओळखू येते, कारण ‘कसं ठरवलंस?’ विचारलं की पोरगं गप्प. अपुरी म्हणायचं तर दोन वेगवेगळी उत्तरं बनवून दाखवावी लागतात आणि दोन्ही दिलेल्या माहितीत बसली पाहिजेत. क्ष पाच धरला तरी चालतंय, सात धरला तरी चालतंय, म्हणून ठरवता येत नाही. म्हणजे ‘कळू शकत नाही’ हेसुद्धा एक उत्तर आहे आणि घाम गाळून काढायचं उत्तर आहे. नुसते हात वर करणं वेगळं.

हे खरोखर करून दाखवलेलं उदाहरण द्यायचं तर गणितातच आहे. १, २, ३ असे मोजायचे आकडे अनंत, एका रेषेवरचे बिंदूही अनंत, पण बिंदूंचं अनंत आकड्यांच्या अनंतापेक्षा मोठं आहे हे जर्मन गणितज्ञ कॅन्टरने दाखवलं. मग या दोघांच्या मधल्या साइजचं अजून एखादं अनंत असेल का? १९४० मध्ये तर्कशास्त्रज्ञ गोडेलने दाखवलं की गणिताच्या नेहमीच्या पायाभूत नियमांवरून ‘आहे’ असं सिद्ध करता येणार नाही, आणि १९६३ मध्ये अमेरिकन गणितज्ञ पॉल कोहेनने दाखवलं की ‘नाही’ असंही सिद्ध करता येणार नाही (ते नियम आपसात भांडत नाहीत एवढं गृहीत धरून). याला म्हणतात माहिती अपुरी! दोन माणसं आणि मध्ये तेवीस वर्षं लागली ती एक टिक मारायला.

आता हात वर करण्याचं उदाहरण बघा. ऑग्युस्त कोंत हा मोठा फ्रेंच तत्त्वज्ञ, अनुभवाला धरून चालणारा, भोंदूगिरीला अजिबात थारा न देणारा माणूस. त्याने १८३५ मध्ये ठामपणे लिहून टाकलं की ताऱ्यांचं अंतर, आकार, गती कळेल पण ते कशाचे बनलेत हे माणसाला कधीच कळणार नाही. वाटायला पटण्यासारखंच होतं, ताऱ्याचा तुकडा आणून तपासणार कोण? १८५७ मध्ये कोंत वारला आणि दोनच वर्षांत किर्कहॉफ आणि बुन्सेन या जर्मन शास्त्रज्ञांनी प्रकाशाच्या वर्णपटातल्या (रंगांच्या पट्ट्यातल्या) रेषांवरून सूर्यात कुठली मूलद्रव्यं आहेत ते वाचायला सुरुवात केली. १८६८ मध्ये तर सूर्याच्या वर्णपटात अशी रेषा दिसली जी कुठल्याच माहीत असलेल्या मूलद्रव्याशी जुळेना, तेच हेलियम, आणि पृथ्वीवर ते वेगळं काढायला १८९५ उजाडलं. म्हणजे जे कधीच कळणार नाही म्हटलं होतं ते आधी तिकडे कळलं आणि मग इथे! कोंत हुशार नव्हता असं नाही, पण ‘तिथे जाता येत नाही’ आणि ‘कळू शकत नाही’ या दोन गोष्टी त्याने एकच धरल्या. पुरवणीतले लेखक नेमकं हेच करतात आणि तेही दर दुसऱ्या परिच्छेदात.

धर्म आणि तत्त्वज्ञानातले खरे कठीण प्रश्न मात्र कोंतच्या ताऱ्यांसारखे नाहीत हे मान्य करायला हवं, तिथे नवं उपकरण आणून काम भागत नाही. जगाला सुरुवात आहे की नाही हा प्रश्न घ्या. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८१ मध्ये यावर भारी गोष्ट केली, सुरुवात असलीच पाहिजे याचं प्रूफ आणि सुरुवात असूच शकत नाही याचं प्रूफ दोन्ही समोरासमोर मांडली, वाचताना दोन्ही बाजू पटत जातात आणि डोकं गरगरतं. पण इथे तो ‘माहिती अपुरी’ म्हणून थांबत नाही हे लोक विसरतात. तो म्हणतो दोन्ही बाजू निघतायत म्हणजे प्रश्न विचारतानाच आपण काहीतरी चुकीचं धरलंय, ‘अख्खं जग’ ही टेबलावर ठेवलेल्या वस्तूसारखी एक वस्तू आहे असं धरलंय. आमच्या भाषेत हा प्रश्नच रद्द, सगळ्यांना मार्क. (बिग बँगचं काय, असं कोणी विचारेल. सुमारे १३८० कोटी वर्षांपूर्वी सगळं अतिशय दाट आणि तापलेलं होतं इथपर्यंत भक्कम पुरावा आहे. ती त्या अवस्थेची गोष्ट झाली, त्याच्या आधी काही होतं का हा प्रश्न त्याने सुटत नाही.)

गंमत म्हणजे हाच प्रश्न, जग शाश्वत आहे की अशाश्वत, मालुंक्यपुत्त नावाचा भिक्षू बुद्धाला विचारतो आणि बुद्ध उत्तर देत नाही. लेखात हा प्रसंग ‘बुद्धालाही बुद्धीची मर्यादा मान्य होती’ म्हणून दिलाय, जे सपशेल चूक आहे. बुद्धाची गोष्ट विषारी बाण लागलेल्या माणसाची आहे, तो म्हणतो बाण मारणारा कोण, उंच की बुटका, धनुष्य कसलं होतं हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, आणि तेवढ्यात मरून जातो. यात ‘कळू शकत नाही’ असं कुठे आहे? यात आहे ‘कळून दुःख कमी होणार नाही’. आणि वच्छगोत्त नावाचा परिव्राजक विचारतो की मुक्त झालेला माणूस मेल्यावर कुठे जातो, तेव्हा बुद्ध त्यालाच विचारतो, समोरची आग विझली तर ती कुठल्या दिशेला गेली, पूर्वेला का पश्चिमेला? हा परत रद्द झालेला प्रश्न. म्हणजे एकच माणूस एकदा म्हणतो ‘उपयोग नाही’ आणि एकदा म्हणतो ‘प्रश्नच बसत नाही’, आणि आपण दोन्ही एकाच पोत्यात भरून वर ‘मर्यादा’ असं लेबल लावतो.

आता लेखाला उत्तर देणाऱ्या वाचकांकडे वळतो. विज्ञान सगळं शोधेलच हे वाक्य नवं नाही, ८ सप्टेंबर १९३० ला क्योनिग्सबर्ग या तेव्हाच्या जर्मन शहरात गणितज्ञ हिल्बर्ट हेच म्हणाला, ‘आपल्याला कळायलाच हवं, आपल्याला कळणारच’, आणि ते त्याच्या थडग्यावरही कोरलंय. त्याच्या आदल्या दिवशी त्याच गावात एका चर्चेत चोवीस वर्षांच्या गोडेलने हळूच सांगून टाकलं होतं की गणिताची नेहमीची नियमव्यवस्था सुसंगत असेल तर तिच्यात खरी असूनही सिद्ध न होणारी विधानं राहतातच. पण लगेच श्रद्धावाल्यांनी टाळ्या पिटू नयेत, गोडेलचं प्रमेय नियमांच्या व्यवस्थांबद्दल आहे, देवाबद्दल नाही, आणि ‘गोडेलने सिद्ध केलं म्हणून आत्मा आहे’ असं म्हणणाऱ्याने ते वाचलेलं नसतं हे मी लिहून देतो.

लेखकांवर माझा खरा राग लेखातल्या आणखी एका भागासाठी आहे. ते ऋग्वेदातलं नासदीय सूक्त देतात, ज्याची शेवटची ओळ म्हणते की ही सृष्टी कुठून आली हे परमव्योमातला (सर्वोच्च आकाशातला) तिचा अध्यक्ष जाणतो, किंवा कदाचित तोही जाणत नाही. काय धाडस आहे बघा, शंका थेट अध्यक्षावरच! आणि तीन ओळींनंतर लेखक लिहितात की आपल्या ऋषींना सगळं ठाऊक होतं. अहो, वरची ओळ आत्ताच तुम्हीच दिलीत ना? मग पुढे बुद्धीच्या पलीकडे काय आहे, तिथे कोण आहे, त्याला काय आवडतं, कशाचा राग येतो याचं सविस्तर वर्णन येतं. पलीकडचं कळत नाही म्हणता तर हा नकाशा कुठून आणलात?

ज्यांनी मर्यादा मनापासून मानली ते असं वागले नाहीत. उपनिषदातला याज्ञवल्क्य ‘नेति नेति’ (असं नाही, असं नाही) म्हणतो. बाराव्या शतकातला ज्यू विचारवंत मायमोनिडीस म्हणतो की देव काय नाही एवढंच सांगता येतं. ख्रिस्ती धर्मपंडित थॉमस अक्विनास आयुष्यभर देवाबद्दल हजारो पानं लिहीत होता, डिसेंबर १२७३ मध्ये त्याला काहीतरी अनुभव आला आणि त्याने लेखणीच ठेवली, लिहिलेलं सगळं आता गवताच्या काडीसारखं वाटतं म्हणाला, मोठा ग्रंथ अर्धवट राहिला. यातलं कुणी पटो न पटो, निदान मर्यादेची किंमत त्यांनी स्वतः भरली. आपल्याकडे मर्यादा नेहमी समोरच्याच्या बुद्धीला असते.

आणि यात एक बारीक गोष्ट आहे जी दोन्ही बाजूंनी वाचायला हवी. सातव्या शतकातला बौद्ध तार्किक धर्मकीर्ती विचारतो की एखादी गोष्ट दिसली नाही म्हणून ती नाही असं कधी म्हणता येतं? जमिनीवर घडा असता तर दिसलाच असता, दिसत नाही, म्हणजे नाही. पण पिशाच्च मुळात दिसणारी वस्तूच नाही असं कोणी म्हणत असेल तर ते दिसलं नाही यावरून ‘नाही’ ठरत नाही, फार तर संशय राहतो. म्हणजे ‘देव दिसला नाही म्हणून नाही’ हे वाचक महाशयांचं वाक्य तेराशे वर्षांपूर्वीच नापास झालंय. पण हीच सुरी उलटी पण चालते. तुमचा देव किंवा तुमचे गुरू आजार बरे करतात असं म्हटलंत की तुम्ही पिशाच्चाच्या खात्यातून घड्याच्या खात्यात आलात, आता बघितलं जाणार. २००६ मध्ये अमेरिकेत बायपास झालेल्या १८०२ पेशंटवरचा अभ्यास छापून आला, आपल्यासाठी प्रार्थना होतेय का हे माहीत नसलेल्यांत, प्रार्थना झाली त्या गटात ५२ टक्क्यांना त्रास झाला आणि झाली नाही त्या गटात ५१, आणि प्रार्थना होतेय हे ज्यांना सांगितलं होतं त्यांच्यात ५९. यावरून देव नाही असं मी म्हणणार नाही. पण निकाल असा लागला की ‘तो परीक्षेच्या पलीकडे आहे’ आणि घरातला कोणी बरा झाला की ‘बघा प्रचिती’, हे दोन्ही एकदम कसं चालेल?

शेवटी एक दुरुस्ती. लेखाची सुरुवात सॉक्रेटिसच्या ‘मला एवढंच कळतं की मला काहीच कळत नाही’ या वाक्याने केलीय. प्लेटोने लिहिलेल्या खटल्याच्या भाषणात तो असं म्हणत नाही, तो म्हणतो मला जे माहीत नाही ते माहीत आहे असं मी समजत नाही. शिवाय कारागिरांबद्दल तो स्पष्ट कबूल करतो की त्यांना त्यांच्या कामातलं खरंच माहीत होतं, माझ्यापेक्षा जास्त. त्यांची चूक एवढीच की हात चांगला चालतो म्हणून बाकीच्या मोठ्या विषयांतलंही कळतं असं त्यांना वाटायला लागलं. सगळंच अज्ञान एका रंगाचं रंगवणारा माणूस तो नव्हता.

लेखाखाली ‘उत्तरार्ध लवकरच’ असं छापलंय आणि त्यात मरणानंतरचं येणार आहे असं दिसतं. लेखकांना माझा निरोप द्या की ‘कळू शकत नाही’ लिहाल तिथे पाच पण चालतं आणि सात पण चालतं हे करून दाखवा, नाहीतर प्रश्न रद्द का ते सांगा, नाहीतर सरळ लिहा की मला जमलं नाही, मी मार्क कापणार नाही. पत्र लांबलंय, कापावं लागलं तर सॉक्रेटिस कापा, धर्मकीर्ती तेवढा राहू द्या, त्याला कोणी छापत नाही.

आपला,
एक नियमित वाचक