नृसिंहाच्या टोपातला मुलगा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गणेशोत्सवाच्या तयारीवरच्या तुमच्या परवाच्या पानात एका मंडळाच्या जिवंत देखाव्याचं मोठं छायाचित्र होतं. सिंहमुखी टोप, वासलेला जबडा, पेटलेले डोळे आणि खाली ओळ : ‘रिमोटवर हलणारा मुखवटा ठरणार आकर्षण’. छायाचित्र झकास आहे. पण तो रिमोट नाही. मुलाच्या उजव्या अंगठ्याजवळ खटका दिसतो आणि त्याची वायर बाहीतून वर गेलेली आहे. म्हणजे जबडा तो स्वतः उघडतो आहे. दिग्दर्शक, ध्वनी, प्रकाश, मंडळाचे अध्यक्ष, सगळ्यांची नावं छापली आहेत. टोपात कोण आहे, ते मात्र कुठेच नाही.

चूक काढायची म्हणून लिहीत नाही. (थोडं तेही आहे. नारायण पेठेत राहते.) लिहिण्याचं कारण म्हणजे असल्याच एका टोपाचं सोल्डरिंग मी केलं होतं, आणि त्यातल्या मुलाच्या कानशिलावरचा डाग अजून गेलेला नाही.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी ३१ वर्षं सर्किट बोर्डांवर सोल्डरिंग केलं. २०१७ साली निवृत्त झाले आणि आमच्या भागातल्या मंडळाच्या मुलांना फुकटची कारागीर मिळाली. ‘मावशी, एवढे चार टाके मारून द्या’ म्हणत येतात आणि रात्री अकरापर्यंत चहा पीत बसतात. इंजिनिअरिंगची मुलं आहेत, हुशार आहेत. प्रोग्रॅम मिनिटात लिहितात, वायर मात्र दातांनी सोलतात.

आमच्या लहानपणी पुण्यात हलते देखावे बघायला रात्रभर फिरायचो. शिल्पकार डी. एस. खटावकरांचं काम असलं की गर्दीत अर्धा अर्धा तास उभं राहायचं. पुढे कळतं वय झाल्यावर मी पडद्यामागे डोकावायला लागले. पुतळ्याचा हात वर-खाली करायला आत मोटारीच्या वायपरची १२ व्होल्टची मोटर असायची. तिच्यात वर्म गिअर असतो, त्यामुळे ती हळू फिरते आणि जोर भरपूर लावते. तिला क्रँक, क्रँकला सळई, सळईला हात. मोटर जुन्या बाजारातून रविवारी आणायची, वंगण घालायचं, दहा दिवस ती कुरकुरत चालायची. अडकली तर पुतळ्याचा हात मोडायचा. कार्यकर्ता शिवी घालायचा आणि तार बांधायचा. पुतळ्याला घाम येत नाही, श्वास लागत नाही.

आता तीच मोटर आकाराने लहान होऊन माणसाच्या डोक्यावर चढली आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलांनी हिरण्यकशिपूवधाचा देखावा घेतला. खांब दुभंगतो, नृसिंह बाहेर येतो, जबडा उघडतो, डोळे लाल होतात. टोपासाठी बांधकामावरचं हेल्मेट घेतलं. त्यावर लोखंडी पट्ट्यांचा सांगाडा, सांगाड्यावर ईव्हीए फोम. चटईसारखा हा फोम हॉट एअर गनने गरम केला की हवा तसा वळतो. जोडायला चपलांचं रबर सोल्यूशन. त्याचा वास टोपातून पंधरा दिवस गेला नाही, आणि आत नाक कुणाचं असणार याचा विचार तेव्हा मलाही सुचला नाही. सुळे थ्रीडी प्रिंटरवर काढले. ते पीएलए नावाच्या प्लास्टिकचे होते, आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. पहिल्याच तालमीत हॅलोजनसमोर नृसिंहाचे सुळे म्हाताऱ्या हत्तीसारखे वाकले. हसून हसून पोट दुखलं.

जबड्याचं हसण्यावारी गेलं नाही. मुलांनी आधी ९ ग्रॅमचा निळा सर्व्हो, म्हणजे सांगितलेल्या कोनापर्यंतच फिरून थांबणारी छोटी मोटर, लावला होता. तपकीर गल्लीच्या पलीकडे, पासोड्या विठोबाच्या परिसरात तो कुठल्याही दुकानात मिळतो. सर्व्होचं काम ताशासारखं आहे. त्याला सेकंदाला ५० इशारे जातात. इशारा एक मिलीसेकंदाचा असला तर तो एका टोकाला जातो, दोनचा असला तर दुसऱ्या, दीडचा असला तर मधोमध थांबतो. ताकद किलो-सेंटीमीटरमध्ये मोजतात. या निळ्याची ताकद १.८. म्हणजे बिजागरीपासून एक सेंटीमीटरवर तो जेमतेम १ किलो ८०० ग्रॅम तोलेल, आणि तिथेच दम तोडेल. आमचा जबडा फोम, सुळे, रंग, मिशा धरून १८० ग्रॅम भरला आणि त्याचा भार बिजागरीपासून ९ सेंटीमीटरवर पडत होता. गुणाकार करा : १.६२. कागदावर पुरतं, पण प्रत्यक्षात सर्व्हो घूं-घूं करत थरथरायचा. नृसिंहाला हिव भरल्यासारखं दिसायचं.

इथे करायला हवं होतं ते आमच्या शिवणाच्या डब्यात होतं : इलास्टिक. बिजागरीच्या मागच्या बाजूने जबडा तोलून धरला की सर्व्होला फक्त ढकलायचं काम उरतं. आम्ही ते केलं नाही. मुलांनी मोठा सर्व्हो आणला. ५५ ग्रॅमचा, धातूच्या गिअरचा, पाचपट ताकदीचा. मीच त्याला वायरी जोडल्या.

मोठा सर्व्हो अडकला तर ६ व्होल्टवर अडीच अँपिअर ओढतो. डोळ्यांत आणि आयाळीत मिळून २४ रंगीत एलईडी होते. पूर्ण पांढऱ्या प्रकाशात प्रत्येकी साधारण ६० मिलिअँपिअर, म्हणजे जवळजवळ दीड अँपिअर. हे सगळं एका पॉवर बँकेवर, आणि तेही प्रोग्रॅम चालवणाऱ्या छोट्या आर्डुइनो बोर्डाच्या ५ व्होल्टच्या पिनेतून. टेबलावर सगळं सुरेख चालायचं, कारण टेबलावर आम्ही एका वेळी एकच गोष्ट तपासत होतो. मांडवात जबडा आणि डोळे एकदम सुरू झाले की व्होल्टेज बसायचं, बोर्ड पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा आणि जबडा खाडकन मिटायचा. मुलं प्रोग्रॅम तपासत बसली. मी मल्टिमीटर लावला तर ५ चे ३.९ झालेले. शिवाय प्रल्हादाचा प्रवेश लांबला की पॉवर बँक आपण होऊन झोपायची. पुष्कळशा पॉवर बँका ओढ कमी झाली की फोन भरला असं समजून बंद होतात.

मग कुणीतरी जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून १८६५० जातीचे दोन सेल काढले. १८ मिलिमीटर जाड, ६५ लांब, पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्ट. ना संरक्षक सर्किट, ना फ्यूज. काळ्या चिकटपट्टीत गुंडाळून ते हेल्मेटच्या मागे, मानेवर बसवले. ‘वजन पण बॅलन्स होतं मावशी.’ असला सेल शॉर्ट झाला किंवा चेपला तर आतल्या आत तापत जातो, आणि एकदा तापायला लागला की थांबवता येत नाही. हे मला माहीत होतं. कारखान्यात असते तर ते जोडकाम मी टेबलावरून उचलून फेकलं असतं. मांडवात गप्प बसले, कारण उद्घाटनाला दोन तास उरले होते.

सातव्या दिवशी, रात्रीच्या नवव्या की दहाव्या खेळाला आयाळीची लोकर बिजागरीत गेली. जबडा मिटलेल्या अवस्थेत अडकला. आता एक गोष्ट सांगायची राहिली. मुलाला बाहेरचं दिसायचं ते जबड्यातून. नाकाडोळ्यांना दुसरं भोक नव्हतं. जबडा मिटला की अंधार, आणि हवाही तेवढीच. सर्व्हो उजव्या कानशिलापाशी होता आणि तो जोर लावतच राहिला. जळक्या वार्निशचा वास आला. टोप मागून चार स्क्रूंनी बसवलेला, म्हणजे त्याला स्वतःला काढता येणं शक्य नाही. तो ओरडत होता. पण जिवंत देखाव्याचा आवाज आधी ध्वनिमुद्रित केलेला असतो, आणि नेमकी तेव्हाच डरकाळी चालू होती. तो दोन्ही हातांनी टोपावर आपटू लागला. लोकांना वाटलं, नृसिंह खवळला. टाळ्या पडल्या.

हिरण्यकशिपूने ओळखलं. तो मांडीवर आडवा पडलेला होता, त्याला खालून धूर दिसला. त्याने उठून आधी मानेवरची वायर तोडली, मग कात्रीने आयाळीमागचा फोम फाडला. मुलगा १९ वर्षांचा. कानशिलावर फोड, बाकी बचावला. सेल पेटले नाहीत ही गणपतीची कृपा, आमची काही नाही. त्या देखाव्याला पुढे बक्षीस मिळालं. परीक्षक चौथ्या दिवशी येऊन गेले होते.

मंडळाचं नाव मी लिहिणार नाही. दोष त्यांचा असेल तितकाच माझा आहे.

पुढच्या वर्षी तोच टोप आम्ही पुन्हा केला, आणि मुलगाही तोच उभा राहिला, घरच्यांचा विरोध असूनही. लोखंडी सांगाडा काढला, हेल्मेटचं कवच काढून आतला आवळायचा पट्टा तेवढा ठेवला. बॅटरी, आता संरक्षक सर्किट असलेली, फ्यूजसकट कमरेच्या पिशवीत गेली. व्होल्टेज उतरवणारा कन्व्हर्टरही तिथेच. डोक्यापर्यंत एकच जाड वायर, तिला मध्ये ओढला की सुटणारा प्लग. पहिल्या वर्षी २ किलो ४०० ग्रॅमचा टोप होता, तो १ किलो १५० वर आला. जबड्याला मागून इलास्टिक, त्यामुळे १३-१४ ग्रॅमचा धातूच्या गिअरचा छोटा सर्व्हो पुरला. सर्व्होला आणि बोर्डाला वेगवेगळा पुरवठा दिला, ग्राउंड मात्र एकत्र. दोन्ही टोकांना बारीक खटके बसवले. जबडा एका सेकंदात टोकाला पोचला नाही, तर सर्व्होची वीज आपोआप तुटते. फ्यूज यासाठी उपयोगाचा नाही, हे मुलांना समजवायला एक अख्खी संध्याकाळ गेली. फ्यूज वायर वाचवतो. अडकलेला सर्व्हो त्याच्या मर्यादेतच वीज खात असतो, फ्यूजला त्याचं काहीच वाटत नाही.

बघायला नाकपुड्यांच्या जागी काळी जाळी लावली. समोरून उजेड आणि आत अंधार असला की बाहेरच्याला आतले डोळे दिसत नाहीत. आत झिरपणारा एलईडीचा उजेड तेवढा काळ्या पट्टीने बंद करावा लागतो. कपाळावर लहानसा पंखा. आणि मागच्या स्क्रूंच्या जागी चुंबक. हनुवटीखाली धरून वर ओढलं की टोप दोन तुकड्यांत सुटतो. तालमीत आम्ही घड्याळ लावून बसायचो : टोप चढव, दिवे बंद, डरकाळी चालू, आणि तीन सेकंदांत स्वतःच्या हाताने काढ. तीन दिवस जमलं नाही. चौथ्या दिवशी जमलं, तेव्हा जबड्याची तालीम सुरू झाली.

माझे यजमान बँकेच्या नोकरीत काही वर्षं मोखाड्याला होते. तिथला बोहाडा, म्हणजे देवादिकांचे मुखवटे घालून सोंगं नाचवायचा उत्सव, मी पाहिला आहे. लाकडाचे, कागदाच्या लगद्याचे जड मुखवटे, टेंभ्यांचा उजेड, संबळ. मोठं सोंग नाचत पुढे येई तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना दोघे चालताना मी पाहत असे. मला वाटे, हे मानकरी असतील. ते सोंगाचा तोल जातो का बघत होते. आम्हीही आता एका कार्यकर्त्याला तेच काम दिलं आहे. तो राक्षसाच्या वेशात रंगमंचावरच उभा असतो आणि त्याला एकही वाक्य नाही.

तर विनंती एवढीच. पुण्यात देखाव्यांच्या स्पर्धा भरवणाऱ्या सगळ्यांनी हलत्या मुखवट्याला गुण देण्याआधी आतल्या मुलाला सांगावं, ‘काढ बरं.’ कुणाच्या मदतीशिवाय निघाला तर पुढचं परीक्षण करावं. बॅटरी कुठे आहे ते विचारावं. मानेकडे बोट गेलं तर गुण कापावेत. यासाठी परीक्षकाला इलेक्ट्रॉनिक्स यायची गरज नाही. आणि तुम्ही छायाचित्र छापाल तेव्हा टोपातल्या मुलाचं नाव छापावं, अध्यक्षांच्या आधी छापलं तरी कुणी रागावणार नाही. फार तर अध्यक्ष.

आपली,
एक वाचक (नाव छापू नये, मंडळाची मुलं ओळखतील)
नारायण पेठ, पुणे

ता. क. : त्याच छायाचित्रात सिंहाच्या डाव्या गालाखाली लाल-काळ्या वायरींचा जोड उघडा दिसतो आहे, त्यावर स्लीव्ह नाही. त्या मंडळाला तेवढा निरोप आज द्यावा. चार टाके मारायचे असतील तर संध्याकाळी सातनंतर मी घरीच असते.