प्रत्येक प्रबंधासोबत पाच पाने मराठी हवीत : उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना नागपूरहून खुले पत्र

माननीय उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

हिवाळी अधिवेशनासाठी आपण नागपूरला येता, रविभवनात उतरता आणि विधानभवनावर धडकणाऱ्या मोर्चांची निवेदने स्वीकारता. माझ्यामागे मोर्चा नाही, पण मागणी आहे. राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत सादर होणाऱ्या प्रत्येक पीएच.डी. प्रबंधासोबत चार-पाच पानांचा मराठी गोषवारा बंधनकारक करावा. ज्यांच्या जगण्याशी त्या संशोधनाचा संबंध आहे, त्यांना तो वाचून कळला पाहिजे आणि विद्यापीठाच्या संकेतस्थळावर तो सर्वांना खुला असला पाहिजे.

मी नागपुरातल्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. मरून रेक्झिनची बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरांत विद्यार्थ्याचे नाव आणि वर्ष, आत मार्गदर्शकांचे प्रमाणपत्र : असे प्रबंध हाताळण्यातच माझी नोकरी चालली आहे. त्यांतले बरेचसे व्हायवानंतर पुन्हा कोणी उघडलेले नाहीत. ते वाईट असतात म्हणून असे घडते, असे कृपया समजू नका. पाच-पाच वर्षे शिवार तुडवून, रुग्णालयाच्या ओपीडीत बसून, प्रयोगशाळेत रात्री काढून पोरांनी ते लिहिलेले असतात.

या शहरात ज्ञान कमी आहे, असे कोणी म्हणू शकणार नाही. नागपूर विद्यापीठ १९२३चे, लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था १९४२ची, पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था नीरी १९५८ची. केंद्रीय कापूस संशोधन संस्था वर्धा रोडवर. लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संस्था आणि माती सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो, दोन्ही अमरावती रोडवर. शिवाय अभियांत्रिकीची व्हीएनआयटी, पशुवैद्यक विद्यापीठ, भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय, दोन जुनी सरकारी मेडिकल कॉलेजे. २०२३च्या जानेवारीत भारतीय विज्ञान काँग्रेसचे १०८वे अधिवेशनही इथेच भरले. रविभवनातून गाडी काढली तर यांतल्या बहुतेक ठिकाणी आपण अर्ध्या-पाऊण तासात पोहोचाल. इथून निघालेले ज्ञान काटोल, कळमेश्वर, उमरेडला पोहोचायला मात्र कैक वर्षे जातात, आणि कित्येकदा ते पोहोचतच नाही.

काटोलकडचे एक संत्रा बागायतदार आमच्या ग्रंथालयात आले होते. मुलगी आमच्याकडेच शिकत होती, तिने वाट दाखवली. पिशवीतून त्यांनी सालीचा तुकडा काढून टेबलावर ठेवला. त्यावर तपकिरी डिंकाचे थेंब वाळून बसले होते, खालची साल कुजून काळपट झाली होती. डिंक्या. डिंक्यावरचा एक प्रबंध आमच्या कपाटात होता, तो मी काढून दिला. त्यांनी पाने उलटली, छायाचित्रे निरखून पाहिली, मग विचारले, "मॅडम, हे मराठीत कुठी भेटते का जी?" भेटत नव्हते. मग मी बसून त्यांना अर्थ सांगितला. हा रोग फायटोफ्थोरा नावाच्या बुरशीसारख्या सूक्ष्मजीवामुळे होतो आणि त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. ओल्या मातीतून ते बुंध्याच्या सालीत शिरतात. म्हणून कलमाचा डोळा, म्हणजे कलम जोडलेली जागा, जमिनीपासून चांगला वर, वीतभर तरी उंचीवर हवा. ओलिताचे पाणी बुंध्याला लागू नये म्हणून दुहेरी आळे करायचे. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर खोडाला बोर्डो मलम लावायचे : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. बोर्डो त्यांना माहीत होते, ते दरवर्षी लावतही होते. पण त्यांच्या बागेत कलमाचा डोळा मातीत गाडला गेला होता, आणि तो मातीत का नसावा याचे कारण त्यांना कोणी सांगितले नव्हते. सगळ्या प्रबंधात त्यांच्या कामाचा मजकूर जेमतेम दीड पान होता. ते दीड पान मराठीत असते तर रोपे लावण्याच्या वर्षीच त्यांच्या हाती पडले असते.

कृषी विभाग पत्रके काढतो, संशोधन संस्था शिवारफेरी आणि मेळावे घेतात, हे मला माहीत आहे. त्या कामाचा मला आदर आहे. पण पत्रकात 'काय करा' एवढेच येते, 'का करा' हे येत नाही. आणि शेतकऱ्याला 'का' कळल्याशिवाय तो जुनी रीत सोडत नाही. सोडूही नये.

कपाशीचे पाहा. २००२ साली बीटी कपाशीला, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेल्या वाणांना, परवानगी मिळाली, २००६मध्ये दोन जनुकांचे वाण आले. पुढे गुलाबी बोंडअळीने दोन्हींना दाद देणे सोडले. २०१७च्या हंगामात विदर्भातल्या शिवारांत वरून धडधाकट दिसणारी बोंडे फोडली की आत किडकी सरकी आणि पिवळा पडलेला कापूस निघायचा. ही अळी बोंडात शिरते तेव्हा इतकी बारीक असते की तिने पाडलेले छिद्र बुजून जाते, बाहेरून काहीच कळत नाही. पहिली खूण कळीवर दिसते. अळी आतून पाकळ्या धाग्याने शिवून टाकते आणि फूल उमलतच नाही. त्याला आपल्याकडे डोमकळी म्हणतात. डोमकळी ओळखून वेळीच तोडून नष्ट केली, मादीच्या गंधाने नर पतंग पकडणाऱ्या कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले तरच फवारणी केली, डिसेंबरअखेर पीक काढून टाकले, तर अळीचे चक्र तुटते. शेवटच्या बोंडांमध्ये अळी सुप्तावस्थेत जाते, म्हणून फरदड घेऊ नका, म्हणजे तेच पीक ओलित देऊन पुढे चालवू नका, आणि बांधावर पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग ठेवू नका, असे कापूस संशोधन संस्था घसा कोरडा करून सांगते.

तरी लोक फरदड घेतातच. का? कारण ओलिताची सोय असली की जानेवारी-फेब्रुवारीची वेचणी हातखर्चाला उपयोगी पडते. कारण पऱ्हाटी हे चुलीचे सरपण आहे. हे कीटकशास्त्राचे प्रश्न नाहीत. यांची उत्तरे अर्थशास्त्राच्या, गृहविज्ञानाच्या, समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांकडे आहेत. दोघांचे प्रबंध एकाच इमारतीत शेजारशेजारच्या कपाटांत असतात, पण त्यांची गाठ पडत नाही, कारण दोघेही आपापल्या विषयाच्या परिभाषेत लिहितात. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. कोणती दोन औषधे एकत्र करू नयेत, अंगावर काय घालावे, ऑक्टोबरच्या उकाड्यात ते घालवत का नाही, फवारणीची मजुरी कशी ठरते : या प्रत्येक प्रश्नाला निराळ्या शाखेचा अभ्यासक लागतो. त्यांना एका जागी आणायचे तर आधी त्यांना एकमेकांचे लिखाण कळले पाहिजे. मराठी गोषवारा शेतकऱ्यासाठी आहेच. शेजारच्या विभागातल्या प्राध्यापकांसाठीही तो तितकाच गरजेचा आहे.

सिकलसेलची गोष्ट मला याहून जास्त लागते. रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या करणारा हा आनुवंशिक आजार विदर्भात पिढ्यानपिढ्या आहे. १ जुलै २०२३ रोजी केंद्राने राष्ट्रीय मोहीम सुरू केली, २०४७पर्यंत निर्मूलनाचे ध्येय ठेवले. तपासणी स्वस्त आहे, हायड्रॉक्सियुरियासारखे औषध आहे, विज्ञान आपले काम करते आहे. पण हातात 'एएस' लिहिलेले कार्ड आले की घरात काय होते? एएस म्हणजे वाहक. तो आजारी नसतो, धडधाकट आयुष्य जगतो. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक अपत्याच्या वेळी आजाराची शक्यता चारात एक असते. एक वाहक असेल आणि दुसरा वाहकही नसेल, आजारीही नसेल, तर अपत्याला आजार होत नाही. एवढे दोन वाक्यांत सांगता येते. ते सांगितले न गेल्यामुळे ठरलेली लग्ने मोडतात, मुलीचे कार्ड लपवले जाते, आणि पुढे ज्या तपासणीने बाळ वाचले असते तीच टाळली जाते. आमच्या महाविद्यालयातली एक मुलगी असे कार्ड घेऊन माझ्याकडे आली होती आणि 'मी किती वर्षे जगेन' असे विचारत होती. ती वाहक होती. या प्रश्नावर नागपुरात डॉक्टरांनी, मानववंशशास्त्रज्ञांनी, समाजकार्याच्या विद्यार्थ्यांनी अभ्यास केले आहेत. गावोगावच्या आशा आरोग्यसेविकांच्या पिशवीत त्यांतला एक तरी मराठीत असायला नको का?

ज्याने सुरुवातीपासून वापरणाऱ्याचा विचार केला, त्याचे संशोधन किती झपाट्याने पसरते, याचेही उदाहरण आमच्याच गावचे आहे. करोनाच्या काळात नीरीतल्या विषाणूशास्त्राच्या चमूने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून आरटी-पीसीआर तपासणी करण्याची पद्धत काढली. नाकात काडी घालायला प्रशिक्षित माणूस नको, माणसाने गुळणी करून नळीत सोडली की झाले. २०२१मध्ये तिला मान्यता मिळाली. खेड्यात काय असते आणि काय नसते, हे आधी लक्षात घेऊन केलेले ते काम होते.

आता एक धोका. या मागणीचा अर्थ 'ज्याचा लगेच उपयोग दिसेल तेच संशोधन करा' असा कोणी काढला तर माझ्या हातून अनर्थ होईल. म. म. वा. वि. मिराशी इथे मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत आणि विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजांचे ताम्रपट वाचत. त्याचा उपयोग काय, असे तेव्हा कोणी विचारले असते तर काय उत्तर होते? पण त्यांनी लावलेल्या वाचनाचा आधार नसता तर रामटेकजवळच्या नगरधनला सापडलेली प्रभावतीगुप्त राणीची मातीची मुद्रा म्हणजे एक खापर ठरली असती. पारशिवनी तालुक्यातल्या नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची प्राचीन भट्टी निघाली. तिथल्या शाळेतल्या मुलांना ते माहीत असले पाहिजे, यातच तिचा उपयोग आला. काळ्या मातीतल्या चिकणखनिजांचा अभ्यास मुळात माती कशी घडली हे कळावे म्हणून झाला. पण ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे घराच्या पायापासून रस्त्यापर्यंत आणि पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यातल्या ओलितापर्यंत सगळ्यांना त्याची गरज पडते. कोणते ज्ञान कधी आणि कोणाच्या कामी येईल हे आधी ठरवता येत नाही. म्हणून तर ते सर्वांना वाचता येईल असे ठेवायचे.

गोषवारा म्हणजे आणखी एक कागद, कोणाकडून तरी लिहून घेतील आणि जोडतील, असा आक्षेप येईल, आणि तो खरा आहे. त्यावर माझी सूचना अशी : पीएच.डी.ची मौखिक परीक्षा खुली असतेच. तिथे त्या विषयाशी रोजचा संबंध असलेल्या एका माणसाला सन्मानाने बोलवा. संत्र्याचा प्रबंध असेल तर बागायतदार, मातीचा असेल तर साइटवरचा इंजिनिअर, सिकलसेलचा असेल तर परिचारिका, ताम्रपटांचा असेल तर शाळेतले इतिहासाचे गुरुजी. गोषवारा त्यांना आठ दिवस आधी द्या. त्यांनी मराठीत दोन प्रश्न विचारावेत, विद्यार्थ्याने मराठीत उत्तर द्यावे. त्यांना गुण देण्याचा अधिकार नको, फक्त प्रश्नाचा हवा. उसना गोषवारा तिथे टिकणार नाही. ज्यांची मातृभाषा मराठी नाही त्यांना सहकाऱ्याची मदत घेऊ द्या, अडवू नका. परिभाषेची अडचण सांगू नये. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश कधीचे करून ठेवले आहेत, आणि रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ अशा लेखनाच्या कार्यशाळा घेऊ शकेल. मार्गदर्शकाच्या मूल्यमापनात या कामाला गुण मिळाले पाहिजेत, नाहीतर कोणी मन लावून करणार नाही.

हे सगळे करायचे तर संशोधक जगला पाहिजे, हेही सांगून टाकते. अधिछात्रवृत्ती महिनोन्‌महिने थकते. पोरे मेसमध्ये उधारीवर जेवतात आणि संशोधन सोडून शिकवण्या धरतात. प्राध्यापकांच्या रिकाम्या जागा भरल्या नाहीत तर मार्गदर्शक तरी कोठून आणायचे?

'एक राष्ट्र, एक सदस्यता' योजनेतून केंद्राने तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये ठेवले आणि १ जानेवारी २०२५पासून सरकारी संस्थांना सुमारे तेरा हजार आंतरराष्ट्रीय नियतकालिके खुली झाली. ग्रंथपाल म्हणून मला त्याचा मनापासून आनंद आहे. जगाचे ज्ञान आपल्या विद्यापीठांत यायला वाट झाली. विद्यापीठातून गावात जाणारी वाट आपल्या खात्याच्या हातात आहे. शोधगंगा या प्रबंधांच्या राष्ट्रीय संकेतस्थळावर आपले प्रबंध आहेत, पण 'डोमकळी' किंवा 'डिंक्या' असा शब्द टाकून शोधणाऱ्याला इंग्रजी प्रबंध सापडणार नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा आपण सर्वांनी अभिमान व्यक्त केला. त्या अभिमानाला शोभेल असे हे काम आहे आणि त्याला पैसा जवळजवळ लागत नाही.

येत्या जूनच्या शैक्षणिक सत्रापासून अंमल व्हावा यासाठी याच अधिवेशनाच्या काळात कुलगुरूंची एक बैठक बोलवावी, ही विनंती. आमच्याकडच्या काही संशोधक विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधांचे मराठी गोषवारे स्वतःहून लिहून काढले आहेत. त्या बैठकीत नमुना म्हणून ते ठेवता येतील. रविभवनात कोणत्या दिवशी, किती वाजता आणून द्यायचे, तेवढे आपल्या कार्यालयाने कळवावे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल, नागपूर