तळमजल्यावरची कुलूपबंद खोली : एक तक्रार पत्र

कोथरूड, पुणे
दिनांक : २ फेब्रुवारी २०२६

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी

विषय : नागाव (ता. अलिबाग) येथील बंगल्यात २३ ते २६ जानेवारी २०२६ या मुक्कामात, लेखी कबूल केलेली तळमजल्यावरची बेडरूम न मिळाल्याबद्दल आणि डिपॉझिटमधून कापलेल्या रकमेबद्दल.

महोदय / महोदया,

तुमच्या अ‍ॅपवरून मी वरील बंगला तीन रात्रींसाठी घेतला होता. भाडं दिवसाला २८,००० प्रमाणे ८४,००० रुपये, सर्व्हिस चार्ज ४,२००, साफसफाईचे २,८०० आणि डिपॉझिट १५,०००, असे एकूण १,०६,००० रुपये तुमच्या कंपनीच्या खात्यात जमा केले. तुमच्या हेल्पलाइनवर या आधी सात वेळा फोन करून झाला आहे. प्रत्येक वेळी नवीन माणूस फोन घेतो आणि मला पहिल्यापासून सांगावं लागतं. म्हणून आता सगळं एकदाच लिहून देते आहे. कृपया शेवटपर्यंत वाचा.

आम्ही सोळा जण होतो. निमित्त होतं माझ्या आईच्या सहस्रचंद्रदर्शनाचं. ऐंशी वर्षं पुरी होऊन वर काही महिने गेले, की माणसाच्या आयुष्यात हजार पौर्णिमा होऊन गेलेल्या असतात. आईच्या त्या झाल्या. तिचं माहेर चौलचं. लग्न होऊन पुण्याला आली ती इथलीच झाली, पण रामेश्वराचं देऊळ आणि त्यापुढची पुष्करणी तिच्या बोलण्यात रोज असते. म्हणून कार्यक्रम कार्यालयात न करता चौलच्या जवळ, नागावला, घरच्यासारख्या जागेत करायचा असं आम्हा भावंडांचं ठरलं. नाशिक, ठाणे, बंगळुरू अशा ठिकाणांहून माणसं यायची होती. सगळ्यांच्या रजा जुळल्या त्या प्रजासत्ताक दिनाला जोडून आलेल्या शनिवार-रविवारी.

दीड वर्षापूर्वी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती वॉकर घेऊन चालते. जिना चढू शकत नाही आणि भारतीय पद्धतीच्या संडासात तिला बसता येत नाही. त्यामुळे बंगला शोधताना माझी अट एकच होती. स्विमिंग पूल, बार्बेक्यू, समुद्र किती जवळ, यातलं काही मी विचारलं नाही. ३० नोव्हेंबरला तुमच्या अ‍ॅपवरच्या चॅटमध्ये मी जे विचारलं ते जसंच्या तसं देते : "तळमजल्यावर एक बेडरूम आहे का? तिला लागूनच बाथरूम आहे का आणि त्यात कमोड आहे का? आई ८१ वर्षांची आहे, खुब्याचं ऑपरेशन झालंय, जिना चालणार नाही." चार मिनिटांनी तुमच्या प्रतिनिधीचं उत्तर आलं : "हो मॅडम, तळमजल्यावर एक बेडरूम आहे, अटॅच्ड वेस्टर्न टॉयलेट आहे, सीनियर सिटिझनसाठी एकदम सोयीचं." १६ जानेवारीला मी पुन्हा विचारलं. पुन्हा "हो" आलं. दोन्हींचे स्क्रीनशॉट सोबत जोडले आहेत.

त्याच तारखांना नागावशेजारच्या आक्षी गावातला एक बंगला आम्हाला दिवसाला २२,००० ला मिळत होता. तोही चांगला होता, पण तिथे सगळ्या बेडरूम वरच्या मजल्यावर. तुमच्याकडे दिवसाला ६,००० जास्त मोजले ते त्या एका खोलीसाठी.

शुक्रवारी २३ तारखेला सकाळी अकराला पुण्याहून निघालो. जोडून सुट्टी असल्यामुळे पेणपासून वडखळपर्यंत गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. नागावला पोहोचायला साडेपाच वाजले. आई सहा तास गाडीत बसून होती. तिला आधी बाथरूमला न्यायचं आणि मग आडवं करायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

तळमजल्यावर हॉल, स्वयंपाकघर आणि एक बंद दार. दाराला पितळी कुलूप. केअरटेकर दादा म्हणाले, "ताई, ती मालकांची खोली आहे, पाहुण्यांना देत नाहीत. किल्ली मुंबईला असते." मी बाहेरून फिरून खिडकीच्या जाळीतून पाहिलं. आत एकावर एक रचलेल्या प्लास्टिकच्या खुर्च्या, प्लास्टिकात गुंडाळलेली गादी, दोन सिलिंडर आणि रंगाचे डबे. त्या खोलीत कोणी पाहुणा अलीकडे झोपला असेल असं वाटण्यासारखं काहीही नव्हतं. पाहुण्यांसाठीच्या बेडरूम चारच, चारही वर. अ‍ॅपवर पाच लिहिल्या आहेत. ती पाचवी म्हणजे हीच कुलूपबंद खोली. खाली वापरता येण्यासारखा संडास एकच, मागच्या अंगणात तीन पायऱ्या उतरून, कामगारांसाठी बांधलेला, भारतीय पद्धतीचा.

केअरटेकर दादांबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे स्पष्ट लिहिते. त्यांनी मालकांना माझ्यासमोर तीन फोन लावले, एकही उचलला गेला नाही. नंतर स्वतःच्या घरून आईसाठी उशी आणि जाड चादर आणून दिली.

आईला बाथरूमला नेण्यासाठी माझ्या दोन भाच्यांनी तिला खुर्चीत बसवून वर न्यायचं ठरवलं. सतरा पायऱ्या, मधे वळण. वळणावर खुर्ची तिरकी झाली तेव्हा आईने कठडा धरला तो सोडेचना. "खाली ठेवा रे मला, मी थांबते," एवढंच ती म्हणत राहिली. कसंबसं वर नेलं, परत खाली आणलं. खाली आल्यावर तिचा उजवा हात थरथरत होता. त्यानंतर आईने पाणी प्यायचं सोडलं. रात्री जेवणात आमटीसुद्धा घेतली नाही. मला आधी कळलंच नाही. माझ्या धाकट्या बहिणीच्या लक्षात आलं, की तिच्या उशाशी ठेवलेला तांब्या सकाळपर्यंत भरलेलाच होता. विचारलं तर म्हणाली, "पाणी प्यायलं की जावं लागतं, आणि पोरांना किती वेळा उचलायला लावायचं?"

ती तीन रात्री हॉलमधल्या दिवाणावर झोपली. हॉलला दार नाही. माणसं पाण्याला, चहाला, मोबाइल चार्ज करायला ये-जा करणारच. कपडे बदलायला आम्ही दोघी बहिणी चादर धरून उभ्या राहायचो. आयुष्यभर जी बाई पदर न घेता कोणासमोर आली नाही, तिच्यावर स्वतःच्याच कार्यक्रमात ही वेळ आली.

शनिवारी सकाळी भाऊ अलिबागला जाऊन मेडिकलच्या दुकानातून कमोडची खुर्ची घेऊन आला, २,४०० रुपयांना. ती ठेवायला जागा स्वयंपाकघराला लागून असलेल्या कोठीत केली. दाराऐवजी साडी बांधली.

कार्यक्रम झाला. गुरुजी आले, होम झाला, एक्क्याऐंशी दिव्यांनी आईला ओवाळलं. संध्याकाळी वाडीतल्या सुपारीच्या झाडांवर चंद्र आला होता, तो तिला ओटीवरून दाखवला. तिने हात जोडले. तेवढी पाच मिनिटं आम्हाला मनासारखी मिळाली.

रविवारी तिला चौलला रामेश्वराच्या दर्शनाला न्यायचं होतं. सकाळी ती उठली तीच चक्कर येत होती, लघवीला जळजळ होत होती. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की पाणी कमी पडलंय आणि लघवीला इन्फेक्शन झालं आहे. गोळ्या दिल्या, झोपून राहायला सांगितलं. नागावहून चौल गाडीने अगदी जवळ आहे, हे कोकणात जाणाऱ्या कोणालाही माहीत आहे. तेवढ्यासाठी पुण्याहून आलेली माझी आई माहेरचं देऊळ न बघता परत गेली. सोमवारी गाडीत बसताना म्हणाली, "आता काही मी परत येत नाही इकडे." मला हे सगळ्यात जास्त लागलं आहे आणि तुमच्या कुठल्याही फॉर्ममध्ये ते लिहायला रकाना नाही, म्हणून इथे लिहिलं.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. शनिवारी दुपारी मोटर बंद पडल्यामुळे तीन तास पाणी नव्हतं. इन्व्हर्टरवर फक्त हॉलचा पंखा चालत होता. पूल पाच फूट खोल आणि त्याला कठडा किंवा जाळी काहीच नाही. आमच्याबरोबर सहा वर्षांखालची दोन मुलं होती, त्यामुळे एक मोठं माणूस सतत तिथे पहाऱ्याला बसलेलं असे. एवढ्याचसाठी मी पत्र लिहिलं नसतं. कोकणात पाणी आणि लाइट यांचं चालायचंच. पण पुलाला जाळी लावून घ्या, कोणाचं तरी मूल जाईल.

आता डिपॉझिट. १५,००० पैकी ८,५०० परत आले. ६,५०० कापले : ३,५०० "चादर व उशीवर हळदीचे डाग" आणि ३,००० "जादा पाहुणे". जादा पाहुणे म्हणजे पूजेला आलेले गुरुजी आणि चौलहून जेवायला आलेले आईचे मामेभाऊ. दोघंही दुपारी चारच्या आत निघून गेले, रात्री कोणी राहिलं नाही. हळदीचा डाग एका चादरीवर पडला, हे मी मान्य करते. चूक आमची. तशी डबलची चादर बाजारात ७०० रुपयांना मिळते, तेवढे कापा. उशीवर डाग नव्हता. निघताना काढलेले फोटो सोबत आहेत.

साफसफाईचे २,८०० हे मला पैसे भरायच्या अगदी शेवटच्या पानावर दिसले, भाड्याच्या पानावर कुठेही नव्हते. केंद्र सरकारच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या (म्हणजे अ‍ॅप-वेबसाइटवर ग्राहकाची दिशाभूल करणाऱ्या युक्त्यांविषयीच्या) मार्गदर्शक तत्त्वांमध्ये अशा पद्धतीने शेवटी वाढवलेल्या किमतीचा स्पष्ट उल्लेख आहे. शिवाय एवढे पैसे घेऊन मला आजपर्यंत पक्कं बिल मिळालेलं नाही.

हेल्पलाइनवर मला दोन उत्तरं मिळाली. पहिलं, "बंगला मालकाचा आहे, आम्ही फक्त प्लॅटफॉर्म आहोत." दुसरं, पुढच्या बुकिंगवर २,५०० रुपयांचं कूपन. कूपन मला नको. आणि पहिल्या उत्तराबद्दल सांगायचं तर मालकाला मी ओळखत नाही, त्यांचा नंबरही तुम्ही मला दिला नव्हता. पैसे तुम्ही घेतले. बंगल्याच्या पानावर "आमच्या टीमने प्रत्यक्ष पाहून खात्री केलेला" असा शिक्का तुम्ही लावलात. चॅटवर दोनदा "हो" म्हणणारा माणूस तुमचा होता. तुमच्या टीममधलं कोणी एकदा जरी त्या बंगल्यात गेलं असतं, तरी कुलूप दिसलंच असतं.

माझं मागणं असं. खोलीसाठी जे जास्त मोजले ते १८,०००, कमोडच्या खुर्चीचे २,४००, डिपॉझिटमधून चुकीचे कापलेले ५,८०० आणि साफसफाईचे २,८००, असे २९,००० रुपये परत करा. आईला झालेल्या त्रासाबद्दल, दवाखान्यासह, २५,००० रुपये नुकसानभरपाई द्या. एकूण ५४,०००. कमोडची खुर्ची माझ्याकडे आहे. आईला घरी तिची गरज नाही. नागावच्या त्या बंगल्यात ठेवणार असाल तर मी स्वखर्चाने पाठवते, पुढच्या एखाद्या आजीला उपयोगी पडेल. पक्कं बिल द्या. आणि आईच्या नावाने माफीचं पत्र द्या, मराठीत, कागदावर. ती मोबाइलवर वाचत नाही.

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे ही तक्रार मिळाल्याची पोच तुम्ही ४८ तासांत द्यायची आहे आणि एक महिन्यात तिचं निवारण करायचं आहे. ते झालं नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली मी पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. ग्राहक जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. माझे मोठे भाऊ निवृत्त आहेत, त्यांनी कागदपत्रांची फाइल लावून ठेवली आहे. तशी वेळ येऊ नये अशी मात्र माझी मनापासून इच्छा आहे.

सोबत : चॅटचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याच्या पावत्या, कुलूपबंद खोलीचे आणि जिन्याचे फोटो, मेडिकलचं बिल, डॉक्टरांची चिठ्ठी, निघतानाचे चादरी-उशांचे फोटो.

आपली,
बुकिंग करणारी ग्राहक

ता. क. : आज सकाळी तुमच्या अ‍ॅपवर पुन्हा पाहिलं. त्या बंगल्याच्या पानावर अजूनही "तळमजल्यावर बेडरूम, ज्येष्ठांसाठी सोयीचं" असंच लिहिलेलं आहे आणि येत्या शनिवार-रविवारचं बुकिंग झालेलं दिसतं. माझ्या पत्राचं उत्तर सावकाश दिलंत तरी चालेल, पण ते वाक्य आजच काढा आणि शनिवारी जाणाऱ्या कुटुंबाला आधी फोन करून सांगा, की ती खोली मिळणार नाही.