"तुमच्याकडे लाईट कधी असते?"

दादा, नमस्कार.

नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण परवा रात्री ब्रह्मपुरीच्या मित्राचं कॉलसाइन (रेडिओवरचं ओळखनाव) माझ्या स्क्रीनवर उमटलं, तेव्हापासून, माझा अडलेला प्रोग्राम तुम्ही चालता करून दिलात त्याबद्दल, तुम्हाला लिहिल्याशिवाय चैन नाही.

2020 च्या ऑगस्टअखेर गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडले, वैनगंगा गावात आली, तेव्हा माझा मोबाईल टॉर्च म्हणून तेवढा कामी आला. त्यानंतर मी हॅमचा, म्हणजे हौशी रेडिओचा, परवाना काढला. दोन मीटर बँडवर (रेडिओलहरींचा एक पट्टा), 1200 बॉडच्या संथ वेगानं का होईना, या गावची एक ओळ त्या गावात पोचली तरी पुष्कळ. पॅकेट रेडिओचं, म्हणजे रेडिओवरून मजकूर पाठवायचं, ते सॉफ्टवेअर जुन्या इंटेल पीसीवर झकास चालायचं, पण पीसी इन्व्हर्टर पिऊन टाकायचा. रास्पबेरी पाय हा तळहाताएवढा संगणक मात्र फवारणी पंपाच्या 12 व्होल्ट बॅटरीवरही चालतो, मध्ये पाच व्होल्टचा कन्व्हर्टर लावला की झालं. सॉफ्टवेअरचा कोड त्यावर कंपाइल केला, म्हणजे त्याला चालवता येईल असा करून घेतला. एरर एकही नाही. आणि सुरू केला तर नुसता दगड!

चार महिने जाणकारांची दारं ठोठावली. एक म्हणाले, "आधी मॅन्युअल वाचा." दुसरे म्हणाले, "नवा पीसी घ्या." तिसऱ्यांनी तर विचारलं, "खेड्यात हे पाहिजेच काहून?" पूर आला की कळवतो म्हटलं त्यांना.

तुम्ही पहिला प्रश्न विचारलात, "तुमच्याकडे लाईट कधी असते?" (आम्ही तिला लाईन म्हणतो.) माझं घर शेतात, पंपाच्या फीडरवर, त्या आठवड्यात लाईन रात्री बाराला यायची. "मग बारालाच बसू," एवढंच बोललात. सकाळी तुमची ड्युटी होती, हे मला पाचव्या रात्री कळलं, तेही तुमच्या घरच्यांनी मागून हाक मारली म्हणून.

दोष सापडला तोही किती बारका! कोडमध्ये "काही आलं नाही" हे उणे एकनं सांगितलेलं, आणि ते साठवलेलं एका बाइटच्या 'चार' (char) नावाच्या प्रकारात. इंटेलवर त्यात उणे 128 पासून 127 पर्यंत आकडे मावतात. रास्पबेरी पायमधल्या एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्सात तोच प्रकार 0 ते 255 धरला जातो. उणे तिथे नाहीच. तुम्ही म्हणालात, कृषी केंद्राच्या वहीतली तुमची एक रुपया उधारी या गड्यानं 255 जमा म्हणून वाचली. मी अंधारात एकटाच हसत सुटलो. बिचारा प्रोग्राम कधीच न येणाऱ्या उण्याची वाट पाहत बसला होता.

कंपाइल करताना एक पर्याय जोडला की भागलं असतं. तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाही. एकेक जागा माझ्याकडून दुरुस्त करून घेतलीत आणि चुकलो तिथे "असं माझंही झालं होतं" म्हणालात. खरं होतं की माझी लाज राखायला, देव जाणे.

पैशाचं विचारलं तर रागावलात. मग दुसरं सांगतो. दिवाळीनंतर आमच्या गावात मंडई (जत्रा) भरते, रात्रभर नाटक असतं. वहिनींना घेऊन या. जागायची सवय तुम्हाला आहेच.