मन्या, प्रिंटर मेलेला नाही

प्रिय मन्या,

गुडघा बरा आहे, बाकी ठीक. दिवाळीपासून माझ्याकडून चकार शब्द नाही, त्याचा राग नंतर काढ. आधी ऐक: दादा दुकानातला आपला लेझर प्रिंटर पुढच्या शनिवारी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकतोय. तोच, लॅमिंग्टन रोडवरून टॅक्सीच्या डिकीत आणलेला.

झालं काय, इंटरनेटवाल्याने राऊटर बदलला आणि त्याच संध्याकाळपासून प्रिंटर ऑफलाइन. दुरुस्तीला आलेल्या पोराने बंद-चालू केलं, "काका, कार्ड गेलंय" म्हणाला, म्हणजे प्रिंटरचं नेटवर्कला जोडणारं कार्ड, पैसे घेऊन गेला. अरे, केबलच्या तोंडाशी हिरवा दिवा लुकलुकत होता! पॅनलवरून कॉन्फिगरेशनचं पान काढलं, तर तू हाताने टाकलेला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) तसाच: १९२.१६८.१.५०. कॉम्प्युटरला नव्या राऊटरने दिलाय १९२.१६८.०.१०४. मास्क, म्हणजे पत्त्याचा किती भाग जुळायला हवा ते सांगणारा आकडा, दोन्हीकडे २५५.२५५.२५५.०, म्हणजे पहिले तीन आकडे जुळायलाच हवेत. एक चाळीच्या पुढच्या अंगाला, दुसरा मागच्या, मधे जिना नाही. हाक पोचणार कशी?

रात्री शटर अर्धं ओढून बसलो. राऊटर बाजूला, केबल थेट कॉम्प्युटरमधून प्रिंटरमध्ये. (तुझी क्रॉसओव्हर केबल लागली नाही, हल्लीची कार्डं तारांची अदलाबदल आपली आपण करतात.) कॉम्प्युटरला १९२.१६८.१.१० दिला, गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्कला जायचं दार, रिकामा. दोघांतच बोलायचं तर गेटवे कशाला? पिंग मारला, म्हणजे "आहेस का?" अशी हाक. चारही उत्तरं आली. मन्या, अंगावर काटा आला! ब्राउझरमध्ये प्रिंटरचं पान उघडून पत्ता १९२.१६८.०.२४० केला. शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्ते राऊटर स्वतः वाटतो. त्यात घुसलं की कुणाच्या तरी मोबाइलशी टक्कर. मग कॉम्प्युटर परत ऑटोमॅटिकवर, केबल राऊटरला, कॉम्प्युटरवर प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये नवं टीसीपी/आयपी पोर्ट, म्हणजे छपाई नव्या पत्त्यावर पाठवायची नोंद. पहिलंच पान काळंभोर, गरमागरम.

पत्ता यंत्रातच पक्का हवा, म्हणून तू केवढा भांडला होतास! मी अजूनही म्हणतो, राऊटरमध्येच मॅक अ‍ॅड्रेसवर (कार्डाच्या कायमच्या नंबरावर) राखून ठेवावा, सगळं एका जागी दिसतं. त्यावरून तू चहाला यायचा बंद झालास, आणि आलास तेव्हा बिल माझ्याच नावावर!

पण दादाच्या डोक्यात "कार्ड गेलंय" बसलंय ते बसलंय. आज चालला, उद्या ऐन गर्दीत बसला तर? सकाळी भाडेकरारवाले, फॉर्मवाले, सगळे घाईत. त्याची भीती खोटी नाही. पण नवा घेतला तरी पुढच्या राऊटरला तोही असाच रुसणार ना? आणि आपल्या टोनरमध्ये पावडर भरून भागतं. नव्याचं कार्ट्रिज परवडणार आहे का? मी हे सांगितलं की तो हिशेबाची वही उघडतो.

आर्याचा निकाल कळला, शाब्बास म्हणावं. नाशिकच्या घराचा ताबा मिळाला का? वहिनींना नमस्कार.

शुक्रवारच्या आत दादाला फोन कर. पोर्ट-बिर्ट काही सांगू नकोस, टोनरचा खर्च तेवढा बोल. माझं तो ऐकत नाही, तुझं ऐकतो.

तुझा,
विलास