कारणं सांगणाऱ्या काकूंना

ती. काकू,
सा. न. वि. वि.

एकट्यात आभार मानले असते तर "पुरे गं" म्हणून तुम्ही विषय बदलला असता, म्हणून हे चारचौघांत लिहितेय.

फुलझाडांचे कंद किती खोल लावायचे, हे पाकिटावर छापलेलं असतंच. तुम्ही सांगितलीत ती त्यामागची कारणं. फुलं वसंतात यायची तर कंद पानगळीतच का लावायचे, असं मी विचारलं. तुम्ही ट्यूलिपचा एक कंद सरळ उभा चिरलात. आत इवलीशी कळी आधीच तयार! मग कळलं की थंडीआधी त्याला मुळं धरायची असतात आणि देठ नीट लांबायला 12 ते 16 आठवडे गारठा लागतो. तो कमी पडला तर फूल बुटकंच राहतं. तेव्हापासून थंडीबद्दल कुरकुर करताना जीभ जरा अडखळते.

डॅफोडिल आधी लावायचे, कारण ते मुळं लवकर धरतात. ट्यूलिप मात्र जमीन चांगली गार झाल्यावर, म्हणजे बुरशीचा त्रास कमी. खोली कंदाच्या उंचीच्या दोन ते तीन पट, आणि पाणी साचेल तिथे काहीच नाही, कारण कंद थंडीनं मरण्यापेक्षा कुजूनच जास्त मरतात. खारी क्रोकसचे कंद उकरतात, पण डॅफोडिल विषारी असल्यानं त्यांना तोंड लावत नाहीत. हायसिंथच्या कंदांनी हात खाजतात म्हणून तुम्ही स्वतःचे हातमोजे काढून मला दिलेत, तेही लक्षात आहे.

सगळ्यात उपयोगी पडलं ते फुलं गेल्यानंतरचं. पिवळी पडत चाललेली पानं कापायला माझे हात शिवशिवत होते. पुढच्या वर्षीचं फूल हीच पानं घडवतात, हे तुम्ही सांगितलंत आणि मी कात्री ठेवून दिली.

एक मात्र अजून पटलेलं नाही. कंद उधळायचे आणि पडतील तिथे लावायचे, म्हणे! उधळल्यावर दोन-चार तरी मी हळूच सरकवतेच.

डॅफोडिलचे झुपके आता दाट झालेत, फुलं कमी येताहेत. पानं पुरती वाळली की उकरून वेगळे करीन. निम्मे तुमचे. नको म्हणू नका.

तुमची,
कुंपणापलीकडची